गुरुवारी यंत्रं बंद, अपडेट चालू

सकाळी ७.४०

भोसरीच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एरवी प्रेस शॉपच्या बाजूनं जाताना फोन आला तर घ्यायची सोय नसते. आज कॅन्टीनमधली भांडी वाजलेली गेटपर्यंत ऐकू येतात. सर्व्हरला हात लावायला आठवड्यात हीच एक फट मिळते. बिलिंग बंद, डिझाइनवाले घरी, स्टोअरला कुलूप.

पंचाईत अशी की महावितरणलाही दुरुस्तीसाठी हाच वार सोयीचा पडतो. म्हणून आधी इलेक्ट्रिशियन भाऊंना गाठते.

"दहाच्या पुढं जाईल म्हणतायत मॅडम. किती वेळ, ते नाही सांगितलं."

आमचा यूपीएस दोन्ही सर्व्हर पाऊण तास ओढतो, तोही बॅटऱ्यांचा मूड असला तर. त्यावरून दिवसाचा क्रम लागतो: वीज जायच्या आत चाचणीचं मशीन, परत आली की ईआरपीचा सर्व्हर, जेवणानंतर डिझाइनची मशीनं.

८.०५

सगळीकडे ओपनसुसे लीप आहे. रूटची फाइलसिस्टिम बीटीआरएफएस, वर स्नॅपशॉट सांभाळणारा स्नॅपर. ही जोडी ओपनसुसेत २०११ च्या १२.१ आवृत्तीपासून आहे. २०१४ च्या १३.२ पासून रूटसाठी बीटीआरएफएस हीच ठरलेली निवड झाली. त्यामुळे पॅकेज बदलायला घेतलं की मशीन आपणहून आधीचा एक आणि नंतरचा एक स्नॅपशॉट घेतं. मला काहीच करावं लागत नाही.

'काहीच करावं लागत नाही' असं म्हणणारी माणसं पुढं डिस्क भरली की फोन करतात. स्नॅपशॉट आपोआप होतो, पण तो किती दिवस ठेवायचा, काय त्याच्या आत आहे आणि काय बाहेर, हे कुणीतरी बघावं लागतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी, आणि जूनपासून सोबतीला आलेला डिप्लोमावाला ट्रेनी.

अपडेटच्या आधी यादी बघायची, हा माझा नियम. 'स्नॅपर लिस्ट' दिली की तक्ता येतो: क्रमांक, प्रकार, कुठल्या 'प्री'ची ही 'पोस्ट', तारीख, कुणी घेतला, कुठल्या नियमानं तो पुसला जाणार, वर्णन. चालू सिस्टिम ज्यावर उभी आहे त्या क्रमांकापुढे चांदणी. झिपरनं, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेनं, केलेल्या जोड्या वर्णनावरून लगेच ओळखू येतात. कर्नल, जीलिबसी, सिस्टिमडी, ड्रॅकट, यूडेव्ह यांपैकी काही बदललं असेल तर त्या जोडीवर 'महत्त्वाचा' अशी खूण आपोआप पडते.

ईआरपीच्या सर्व्हरवर आज एक परका दिसला. प्रकार 'सिंगल', वर्णन 'टेस्ट', आणि पुसण्याच्या नियमाचा रकाना रिकामा. मागं कधी तरी ईआरपीवाल्यांचा इंजिनिअर येऊन गेला, त्यानं घेतलेला. हाताने स्नॅपशॉट घेताना नियम नेमून दिला नाही तर तो कुठल्याच सफाईत येत नाही. दहा अपडेट होऊन जातात, आजूबाजूच्या जोड्या येतात-जातात, हा बसून राहतो.

ट्रेनी म्हणाला, "बसू दे की मॅडम. स्नॅपशॉटला जागा लागत नाही ना?"

घेताना लागत नाही. सातबाऱ्यावर जमीन विकली गेली तरी आधीच्या मालकाचं नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस होतो आणि नवा फेरफार चढतो. बीटीआरएफएसचं लिहिणं तसं. जुन्या मजकुरावर नवा मजकूर न लिहिता तो दुसऱ्या जागी लिहायचा आणि मग खूण तिकडे वळवायची. स्नॅपशॉट म्हणजे जुनी खूण राखून ठेवणं, म्हणून तो क्षणात होतो. पण जितके दिवस ती खूण जिवंत, तितके दिवस तिच्याखालचे जुने तुकडे कुणाला हलवता येत नाहीत. इंजिनिअर गेल्यापासून या सर्व्हरवर जितकी पॅकेजं बदलली, त्या सगळ्यांचे जुने अवतार हा एक 'टेस्ट' धरून बसलाय.

४० जीबीच्या रूटमध्ये हे परवडत नाही. शिवाय 'डीएफ'च्या आकड्यावर इथं भागत नाही. जागा कुणी धरलीय हे तो सांगत नाही. बीटीआरएफएस डिस्कचे मोठे तुकडे आधीच वाटून ठेवते, काही डेटासाठी, काही मेटाडेटासाठी. मेटाडेटाचा कोटा संपला आणि वाटायला नवा तुकडा उरला नाही, तर डीएफमध्ये मोकळी जागा दिसत असतानाही 'जागा नाही' म्हणून लिहिणं थांबतं. म्हणून बीटीआरएफएसची स्वतःची 'फाइलसिस्टिम यूसेज' ही आज्ञा वापरायची आणि त्यातली 'अनअलोकेटेड'ची ओळ आधी वाचायची.

इंजिनिअरला फोन लावला. त्याला आठवेना. पुसायच्या आधी 'स्नॅपर स्टेटस'नं तेव्हाच्या आणि आताच्या फाइलींतला फरक काढून वरवर नजर फिरवली. पॅकेजं सोडली तर ईटीसीमधल्या दोन फाइली. त्या बाजूला काढल्या आणि स्नॅपशॉट पुसला. लगेच यूसेज पाहिला तर आकडा जागचा हलला नव्हता. पुसणं मागं हळूहळू चालतं, अशा वेळी दुसरा पुसायची घाई करायची नाही. नव्या माणसाचा हात नेमका इथं सैल सुटतो.

९.१०

मधल्या वेळात ट्रेनीला स्नॅपरची रूटची कॉन्फिग उघडून दिली. नेहमीचे स्नॅपशॉट '२-१०', महत्त्वाचे '४-१०'. अर्थ असा की जमतील तेवढे दहापर्यंत ठेव. जागेची मर्यादा ओलांडली गेली तर साधे दोनपर्यंत आणि महत्त्वाचे चारपर्यंत कमी कर. जागेची मर्यादा दोन बाजूंनी: स्नॅपशॉटांनी फाइलसिस्टिमच्या निम्म्याहून जास्त खायचं नाही आणि वीस टक्के मोकळं राहिलं पाहिजे. स्नॅपशॉटांनी किती खाल्लं हे मोजायला बीटीआरएफएसचा कोटा चालू लागतो. वेगासाठी कोणी तो बंद केला, तर स्नॅपशॉटांच्या जागेकडे बघून पुसणं थांबतं. आणखी एक तरतूद मला आवडते: अर्ध्या तासाच्या आतला स्नॅपशॉट या क्रमांकाच्या नियमात पुसला जात नाही.

"दर तासाचा स्नॅपशॉट बंद का ठेवलाय?"

रूटवर त्याचा काय उपयोग? रूट बदलतं ते अपडेटला किंवा मी काही उघडून बसले तर. फाइल सर्व्हरवर ड्रॉइंगचा वेगळा सबव्हॉल्यूम आहे, तिथं तासाचा चालू आहे. डिझाइनवाले चुकून फोल्डर ओढून दुसरीकडे टाकतात, तेव्हा तोच कामी येतो. दोघांच्या कॉन्फिग वेगळ्या, कारण दोघांची दुखणी वेगळी.

९.३५

चाचणीचं मशीन. रिपॉझिटरी ताज्या केल्या, पॅचची यादी पाहिली, 'झिपर पॅच'. 'होय' म्हटल्यावर डाउनलोड झालं आणि पहिलं पॅकेज बसायच्या आधी क्षणभर पडदा थबकला. तो 'प्री' स्नॅपशॉट. आज्ञा टाइप केली तेव्हा तो होत नाही, प्रत्यक्ष बदल सुरू होताना होतो. सगळं बसलं की 'पोस्ट'. मग 'झिपर पीएस', म्हणजे कुठली चालू प्रक्रिया अजून जुन्याच लायब्ररीला चिकटून आहे. ही पायरी बरेच जण गाळतात आणि पॅच बसला असं समजतात. डिस्कवर बसलेला असतो, मेमरीत जुनंच नांदत असतं. कर्नल बदललाय, तेव्हा रिबूट. मशीन उठलं, प्रिंटर दिसला, नेटवर्क शेअर उघडला.

१०.२०

वीज गेली. चाचणीचं मशीन यूपीएसवर नाही, पण त्याचं काम झालं होतं. चहा.

अपडेट चालू असतानाच गेली असती तर? फाइलसिस्टिम मोडली नसती. बीटीआरएफएस दर तीस सेकंदांनी, किंवा त्याआधी कुणी मागितलं तर, बदल पक्के करते आणि शेवटच्या पक्क्या अवस्थेवर उठते. पण निम्मी पॅकेजं नवी, निम्मी जुनी अशी खिचडी मात्र राहिली असती आणि स्नॅपरच्या यादीत जोडीदार नसलेला 'प्री' दिसला असता. एकटा 'प्री' दिसला की तिथं काही तरी अर्धवट थांबलंय, एवढं समजून पुढं जायचं.

११.३०

वीज आली. दहा मिनिटं थांबून ईआरपीचा सर्व्हर.

दिवसभरात मी जिथं सर्वांत हळू चालते ती ही जागा. रूटचा स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या डिस्कचा फोटो, असा समज पक्का असतो. बीटीआरएफएसमध्ये सबव्हॉल्यूमच्या वेशीवर स्नॅपशॉट थांबतो, आणि ओपनसुसे इन्स्टॉल होतानाच होम, ऑप्ट, एसआरव्ही, टीएमपी, यूएसआरमधलं लोकल आणि अख्खं व्हार यांचे वेगळे सबव्हॉल्यूम करते. हे मुद्दाम केलंय. बुधवारच्या सिस्टिमवर परत गेलं म्हणून गुरुवारची बिलं, मेल आणि लॉग नाहीसे होऊन कसं चालेल?

आमचा मारियाडीबीचा डेटा व्हारमध्ये. प्रोग्रॅम यूएसआरमध्ये, म्हणजे स्नॅपशॉटच्या आत. नवी मुख्य आवृत्ती आली, तिनं उठल्या उठल्या डेटाच्या फाइली आणि सिस्टिमचे तक्ते आपल्या पद्धतीचे करून घेतले, आणि मग काही कारणानं आपण रोलबॅक केला, तर जुना प्रोग्रॅम परत येतो आणि समोर नवा डेटा असतो. तो उघडेल याची हमी नाही. अशा वेळी स्नॅपशॉट असून नसल्यासारखा.

म्हणून क्रम ठरलेला. पॅचच्या यादीत डेटाबेस आहे का बघायचं. असेल तर ईआरपीची सेवा थांबवायची, डेटाबेसचा पूर्ण डंप काढायचा, तो दुसऱ्या मशीनवर आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा, तिथं उघडून शेवटची ओळ बघायची, आणि मग झिपर. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात. हे वाक्य आमच्या अकाउंट्सच्या काकांना पाठ झालंय. दर तिमाहीला बाहेरच्या डिस्कचं बिल मंजूर करताना ते मलाच ऐकवतात.

आज डेटाबेसचा छोटा पॅच होता, मुख्य आवृत्ती तीच. तरी डंप घेतला.

उलट बाजूची एक गोष्ट ट्रेनीनं स्वतः शोधली आणि मला बरं वाटलं. कुठली पॅकेजं बसलीत याची आरपीएमची नोंदवही पूर्वी व्हारमध्ये असायची. ती तिथंच राहिली असती तर रोलबॅकनंतर फाइली जुन्या आणि नोंदी नव्या, असा घोळ झाला असता. म्हणून ती आता यूएसआरच्या खाली, सिसइमेजमध्ये ठेवतात. रूट मागं गेलं की नोंदवहीही मागं जाते.

पॅच बसला, रिबूट झालं, ईआरपीचं लॉगिन उघडलं. जुनं एक चलन काढून पाहिलं, जीएसटीचे आकडे जुळले.

१.१५

डबा. ट्रेनीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, त्यात टाइमशिफ्ट. तिची देखभाल २०२२ पासून मिंटवालेच बघतात. "तेच की मॅडम हे?" अर्धं तेच. त्याची डिस्क ईएक्सटी४, म्हणजे टाइमशिफ्ट आरसिंकनं फाइलींची नक्कल करते. वेळही लागतो, जागाही. बीटीआरएफएस असेल तर खरा स्नॅपशॉट घेते, पण सबव्हॉल्यूमची नावं तिला हवी तशी लागतात.

बाकी घराण्यांचं ज्याचं त्याचं वेगळं. फेडोरानं २०२० च्या ३३ व्या आवृत्तीत डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस घेतली, पण अपडेटच्या वेळी आपोआप स्नॅपशॉट काही जोडून दिला नाही. शिवाय बूट वेगळ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर. तिथं नुसतं रूट मागं नेलं तर कर्नल नवा आणि त्याचे मॉड्यूल गायब, असं होऊ शकतं. रेड हॅटनं तर २०१९ च्या आठव्या आवृत्तीतून बीटीआरएफएस काढूनच टाकली. उबुंटूनं २०.०४ मध्ये झेडएफएसवर झेडसिस आणून प्रत्येक एपीटीच्या वेळी स्थिती जपायचा घाट घातला होता, तो पुढं बारगळला. मला विचाराल तर यात ओपनसुसेची मांडणी सर्वांत शहाणी, कारण कर्नल रूटच्या आतच असतो आणि ग्रब हा बूटलोडर थेट स्नॅपशॉटमधून तो उचलतो. शेवग्याची भाजी थंड होत होती, म्हणून व्याख्यान इथं आवरलं.

२.१०

डिझाइनची मशीनं. पहिली दोन सरळ उठली. तिसऱ्यावर रिबूटनंतर लोगो आला आणि मग काळा पडदा. कीबोर्डचे दिवे लागत होते, म्हणजे मशीन जिवंत, चित्र गायब. याच एका मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. नव्या कर्नलशी त्याच्या ड्रायव्हरचं जमलं नाही.

इथं दोन रस्ते असतात. नेटवर्कवरून आत शिरून ड्रायव्हर पुन्हा बांधत बसायचं, किंवा मागं जायचं. शुक्रवारी सकाळी सहाला पहिली पाळी लागते आणि डायची ड्रॉइंग याच मशीनवर उघडतात. मागं जायचं ठरलं, आणि कीबोर्ड ट्रेनीच्या हातात दिला.

मशीन पुन्हा चालू केलं. ग्रबच्या मेनूत खाली 'रीड-ओन्ली स्नॅपशॉट'ची ओळ असते. आत गेलं की तारखांसकट यादी. आजच्या दोन नोंदी होत्या, एक प्री, एक पोस्ट. त्याचं बोट 'पोस्ट'कडे चाललं होतं.

"पोस्ट म्हणजे बिघडल्यानंतरचं. आधीचं कुठलं?"

प्री निवडला. लॉगिनचा पडदा आला. या अवस्थेत रूट फक्त वाचण्यापुरतं असतं, व्हार आणि होम लिहिता येतात; त्यामुळे आत शिरून खात्री करता येते. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, कालचं ड्रॉइंग फिरवून पाहिलं. ड्रॉइंगला काही झालेलं नव्हतं, होम वेशीबाहेर आहे.

इथवर येऊन लोक खूश होऊन थांबतात. पुढच्या रिबूटला पुन्हा काळा पडदा, कारण अजून काहीच बदललेलं नसतं. आपण फक्त जुन्या खोलीत डोकावून आलेलो असतो. टर्मिनल उघडून 'स्नॅपर रोलबॅक' द्यावं लागतं. ती आज्ञा दोन गोष्टी करते: बिघडलेल्या सिस्टिमचा एक वाचनापुरता स्नॅपशॉट घेऊन ठेवते, आणि आपण आता ज्यावर उभे आहोत त्याची लिहिता येणारी प्रत काढून तिला पुढच्या बूटसाठी मुख्य ठरवते. बिघडलेलंही फेकत नाही, हे मला फार पटतं; काय बिघडलं ते सवडीनं बघता येतं. रिबूट. चांदणी नव्या क्रमांकावर.

आता रात्री कुणी पुन्हा झिपर चालवलं तर तोच कर्नल परत येणार. म्हणून कर्नलच्या पॅकेजला झिपरचं कुलूप लावलं आणि मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी.

रोलबॅक हे मोठं हत्यार आहे. एखाद्या अपडेटनं ईटीसीमधली एकच फाइल बदलली असेल, तर 'अनडूचेंज'ला दोन क्रमांक आणि त्या फाइलचं नाव द्यायचं, तेवढीच फाइल मागं येते. नाव द्यायला विसरलात तर त्या जोडीतल्या सगळ्या फाइली मागं ओढल्या जातात, एवढं मात्र ट्रेनीला वहीत लिहून घ्यायला लावलं.

४.२०

वही म्हणजे आमचं पॅचिंगचं रजिस्टर. रोलबॅकची नोंद लाल शाईनं होते, कारण मागं गेलेलं मशीन सुरक्षेच्या दृष्टीनंही मागं गेलेलं असतं. आजच्या कर्नलमध्ये ज्या भगदाडांना ठिगळ होतं, ती त्या एका मशीनवर पुन्हा उघडी झाली. ते मशीन बाहेरच्या नेटवरून तोडलं, नोंदीपुढं 'पुढच्या गुरुवारी नवा ड्रायव्हर घेऊन पुन्हा' असं लिहिलं.

ट्रेनीनं एक्सझेडचं विचारलं. २९ मार्च २०२४ ला उघड झालेलं ते प्रकरण: एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा. आमच्या लीपला त्याची झळ नव्हती, पण ओपनसुसेच्याच टम्बलवीडमध्ये ती आवृत्ती ७ ते २८ मार्च नांदत होती. "त्यांनी सरळ रोलबॅक करायचा ना?" जुना एक्सझेड परत आला असता हे खरं. पण मधल्या तीन आठवड्यांत दारातून कुणी आत येऊन गेलं असेल, तर त्यानं होममध्ये किंवा व्हारमध्ये काय ठेवलं आणि कुठल्या किल्ल्या नेल्या, ते स्नॅपशॉटला कुठून कळणार? म्हणूनच ज्यांचं एसएसएच इंटरनेटवर उघडं होतं त्यांना ओपनसुसेनं नव्यानं इन्स्टॉल करायला सुचवलं होतं.

५.३०

उरलेली डिझाइनची मशीनं झाली. सगळीकडे यूसेज पुन्हा पाहिला. ईआरपीच्या सर्व्हरवर सकाळच्या 'टेस्ट'नं धरलेली जागा मोकळी झाली होती. फाइल सर्व्हरवर महिन्याचा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसम पडताळणं, आजच येत होता, तो डोळ्यांदेखत पूर्ण होऊ दिला. चेकसमची एकही चूक नाही. ईआरपीच्या डेटाबेसला मात्र हा स्क्रब लागू पडत नाही. ओपनसुसेत व्हारवर 'बदलताना नवी जागा' हा प्रकार बंद ठेवलेला असतो, नाही तर डेटाबेसच्या बारीक लिखाणानं फाइलीचे तुकडे तुकडे होतात. आणि तो बंद केला की तिथल्या डेटाचा चेकसमही बंद होतो. त्याची तपासणी डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेनं करावी लागते. ती लावली, चाललीय.

अकाउंट्सच्या काकांचा फोन आला.

"काय मॅडम, उद्या बिलं निघतील ना?"

"निघतील काका. पण सकाळी पहिलं बिल काढलंत की मला मिस्ड कॉल द्या, तोवर आजचा डंप मी हलवत नाही. आणि बाहेरची डिस्क नव्वद टक्के भरलीय, त्याचं कोटेशन पाठवतेय."

"परत डिस्क?"

आजच्या जोड्या मी पुसणार नाही. शनिवारपर्यंत तिन्ही पाळ्या चालू द्यायच्या. त्यानंतर नेहमीचा नियम त्यांचं काय ते बघेल.